हॅरी नायक्विस्ट

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे समुद्रकाठचे गाव. तेथे शंकराचे प्राचीन देऊळ असून महाशिवरात्रीस यात्रा भरते. अशा एखाद्या यात्रेत कोणी बोलावयास उभे राहावे आणि तोंडून शब्द निघण्यापूर्वीच कर्ण्यातून कानठळ्या बसविणारी किंकाळी उठावी, हा अनुभव कोणत्या गावास नाही? कर्ण्याचा आवाज ध्वनिक्षेपकात परत शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो आणि यंत्र आपले आपणच ओरडू लागते. यंत्र असे ओरडेल की शांत राहील, हे ते चालू करण्यापूर्वीच कागदावर ओळखण्याची बिनचूक रीत ज्यांनी दाखवून दिली, ते संशोधक म्हणजे हॅरी नायक्विस्ट.

नायक्विस्ट ह्यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1889 रोजी स्वीडन देशातील निल्सबी नावाच्या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. वयाच्या अठराव्या वर्षी, 1907 साली, ते अमेरिकेस गेले. देश परका, भाषा परकी. तरी शिकण्याची जिद्द त्यांनी सोडली नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठात विद्युत्-अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन 1917 साली त्यांनी येल विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी ते तेथील मोठ्या टेलिफोन कंपनीच्या सेवेत दाखल झाले. ती कंपनी व तिची विख्यात बेल प्रयोगशाळा हेच पुढे 1954 पर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

त्या काळी टेलिफोनपुढे एक मोठी अडचण होती. तारेतून दूर जाताना संकेत क्षीण होतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी प्रवर्धक, म्हणजे क्षीण संकेत मोठा करणारी यंत्रे, बसवीत. परंतु प्रत्येक प्रवर्धक आवाज थोडा बिघडवीतही असे, आणि अनेक प्रवर्धकांतून गेलेले बोलणे ओळखू येईनासे होई. 1927 साली हॅरल्ड ब्लॅक हे अभियंते हडसन नदीतून नावेने कामावर जात असताना त्यांना ह्यावर उपाय सुचला. हाताशी दुसरा कागद नव्हता. त्यांनी वर्तमानपत्राच्या पानावरच आकृती काढली. प्रवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून परत आत सोडावयाचा, म्हणजे बिघाड आपोआप कमी होतो, अशी ती युक्ती होती.

युक्ती नामी होती, पण तसे प्रवर्धक कधी कधी एकाएकी शीळ घालू लागत. असे का व्हावे? झोपाळ्याचे उदाहरण घ्या. झोपाळा आपल्याकडे येत असताना हात आडवा धरला, तर तो संथ होतो. पण हात पुढे करण्यास उशीर झाला आणि झोपाळा परत फिरल्यावर धक्का बसला, तर तोच हात त्यास अधिक उंच नेतो. प्रवर्धकातही परतणाऱ्या संकेतास फेरा करण्यास वेळ लागतो. कंपने सावकाश असतील, तर हा उशीर जाणवत नाही. ती फार जलद झाली, की उशीर अर्ध्या कंपनाइतका होतो, आणि रोखण्यासाठी पाठविलेला अंशच उलट साहाय्य करू लागतो.

जानेवारी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नायक्विस्ट ह्यांनी ह्या कोड्याची उकल केली. प्रत्येक कंपनसंख्येस परतलेला संकेत मुळाच्या किती पट आहे, हे मध्यापासूनच्या अंतराने दाखवावयाचे आणि त्याचा उशीर कोनाने. असे बिंदू जोडले, की एक वक्ररेषा तयार होते. परतलेला संकेत मुळाइतकाच असून त्यास पुरेपूर साहाय्य करतो, त्या स्थितीची खूण कागदावर आधीच केलेली असते. वक्ररेषेने त्या खुणेस वेढा घातला, तर प्रवर्धक शीळ घालणार. खूण वेढ्याबाहेर राहिली, तर तो शांत राहणार. ह्यातून एक नवल निघाले. काही प्रवर्धक पूर्ण शक्तीने चालताना शांत असतात आणि शक्ती कमी केली, की शीळ घालतात! पुष्कळांना हे अशक्य वाटे; पण 1934 साली प्रत्यक्ष प्रयोगानेही ते खरे ठरले.

नायक्विस्ट ह्यांच्या नावावर शंभरांहून अधिक पेटंटे आहेत. त्याहूनही मोठी वाटावी अशी एक गोष्ट सांगतात. बेल प्रयोगशाळेत सर्वांत अधिक शोध लावणाऱ्या मंडळींत समान असे काय आहे, ह्याचा तपास केला, तेव्हा त्यांतील अनेकजण जेवावयास नायक्विस्ट ह्यांच्याजवळ बसतात, एवढेच आढळले. ते उत्तरे देत नसत. नेमके प्रश्न विचारीत. 4 एप्रिल 1976 रोजी टेक्सास राज्यात त्यांचे निधन झाले.

ब्लॅक ह्यांचा अवजड प्रवर्धक आता नखाएवढा झाला आहे. त्यास ऑपरेशनल अॅम्प्लिफायर म्हणतात. वेळणेश्वर येथेही 2012 साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मग तो वेळणेश्वरचा असो वा स्वीडनचा, असा प्रवर्धक वापरण्यापूर्वी त्याच्या परिपथाची प्रतिकृती संगणकावर उतरवितो. अर्ध्या कंपनाचे 180 अंश धरले, तर उशीर त्याहून 45 ते 60 अंशांनी कमी आहे ना, हे तो पाहतो. प्रवर्धकास लांब तार जोडली, की ही शिल्लक घटते आणि पडद्यावरील रेषा हेलकावे देऊ लागते. मग तो एखादा लहानसा कपॅसिटर योग्य जागी घालतो आणि ती रेषा फिरून काढून पाहतो.