अंकोरवाट 'शोधणारा' आँरी मुओ मुळात गेला होता किडे गोळा करायला

अंकोरवाट कोणी शोधलं असं विचारलं की हमखास एक नाव पुढे येतं, आँरी मुओ. खरं तर हा फ्रेंच माणूस आग्नेय आशियात गेला होता तो किडे, शंख-शिंपले आणि पक्षी गोळा करायला.

मुओचा जन्म 1826 चा, फ्रान्समधल्या माँबेलियारचा. तरुणपणी त्याने रशियात भाषा शिकवली, मग भावाबरोबर फोटोग्राफीचा नाद केला. पुढे इंग्रज मुलीशी लग्न करून जर्सी बेटावर संसार थाटला. 1858 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा पाठिंबा मिळवून तो सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला निघाला.

जानेवारी 1860 मध्ये तो अंकोरला पोहोचला. हा मुलूख तेव्हा सयामच्या ताब्यात होता. सुमारे तीन आठवडे त्याने तिथे मोजमापं घेतली, चित्रं काढली. हे बांधलं कोणी, असं गावकऱ्यांना विचारलं तर कोणी देवांच्या राजाचं नाव घेई, कोणी राक्षसांचं. काहींच्या मते तर ते आपोआपच उभं राहिलं होतं. मुओचा अंदाजही साफ चुकला. त्याला हे अवशेष दोन हजार वर्षांहून जुने वाटले. प्रत्यक्षात अंकोरवाट 12 व्या शतकातलं, राजा सूर्यवर्मन दुसरा याने बांधलेलं विष्णुमंदिर.

आणि ते हरवलं तरी कधी होतं? तिथे बौद्ध भिक्षू राहतच होते. 1586 मध्ये एक पोर्तुगीज धर्मगुरू तिथे जाऊन आला होता आणि त्याने सांगितलेलं वर्णन गोव्यात दियोगो दो कोतो या इतिहासकाराने लिहूनही ठेवलं होतं. ते लिखाण मात्र कित्येक शतकं छापलंच गेलं नाही.

मुओचं छापलं गेलं, तेही तो गेल्यावर. नोव्हेंबर 1861 मध्ये लाओसमधल्या लुआंग प्रबांगजवळ तापाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघं 35. फ्राय आणि देंग या दोन नोकरांनी त्याला नदीकाठी पुरलं आणि त्याच्या वह्या, नमुने जंगलातून थेट बँकॉकला पोहोचवले. त्या दोघांनी ते ओझं वाटेत टाकून दिलं असतं तर मुओचं नाव आज कोणाला माहीत असतं? 1863 मध्ये त्याची प्रवासवर्णनं पॅरिसच्या मासिकात आली. त्याच वर्षी कंबोडिया फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. मग फ्रेंच माणसाने अंकोर शोधल्याची गोष्ट सगळ्यांनाच सोयीची झाली. स्वतः मुओने तसा दावा कधी केला नव्हता.

1867 मध्ये मेकाँग नदीच्या फ्रेंच मोहिमेने त्याच्या कबरीवर स्मारक बांधलं. पुढे तेही रानात दिसेनासं झालं आणि पुन्हा सापडलं ते 1990 च्या सुमारास.