नॉर्मन प्रिचर्ड

नॉर्मन गिल्बर्ट प्रिचर्ड (मृत्यू: ऑक्टोबर १९२९, कॅलिफोर्निया) हे कोलकाता येथे जन्मलेले धावपटू आणि पुढील आयुष्यात नाट्य-चित्रपट अभिनेते होते. रंगभूमीवर व मूकपटांत ते नॉर्मन ट्रेव्हर या नावाने ओळखले जात. आशियात जन्मलेले ते पहिले ऑलिंपिक पदकविजेते होत.

त्यांचे कुटुंब ब्रिटिश होते. शिक्षण कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. १८९४ ते १९०० अशी सलग सात वर्षे त्यांनी बंगाल प्रांताची १०० यार्डांची शर्यत जिंकली. फुटबॉलमध्येही ते निपुण होते. भारतातील खुल्या स्पर्धेतील पहिली हॅट-ट्रिक त्यांच्या नावे सांगितली जाते.

== पॅरिस १९०० ==

१९०० साली इंग्लंडमध्ये असताना त्यांनी तेथील राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला आणि पुढे ते पॅरिसला गेले. त्या वर्षीचे ऑलिंपिक जागतिक प्रदर्शनाचा एक भाग म्हणून भरले होते. शर्यती आखीव धावपट्टीवर न होता बागेतील उंचसखल हिरवळीवर झाल्या. प्रिचर्ड पाच शर्यतींत उतरले. २०० मीटर धावण्यात वॉल्टर ट्यूक्सबरी यांच्या आणि २०० मीटर अडथळा शर्यतीत ॲल्विन क्रान्झलाइन यांच्या मागोमाग ते दुसरे आले.

== अभिनय ==

काही काळ त्यांनी इंडियन फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद सांभाळले. त्यानंतर ते इंग्लंडला स्थायिक झाले व रंगभूमीकडे वळले. लंडननंतर न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर आणि तेथून हॉलिवूडमध्ये त्यांचा प्रवास झाला. भारदस्त व्यक्तिमत्त्वामुळे त्यांना वडीलधाऱ्या, प्रतिष्ठित पुरुषांच्या भूमिका मिळत. 'डान्सिंग मदर्स' (१९२६) मध्ये ते क्लारा बो हिचे वडील झाले. त्याच वर्षीच्या 'बो जेस्ट'मध्ये रोनाल्ड कोलमन नायक होते व प्रिचर्ड फ्रेंच मेजरच्या भूमिकेत होते. बोलपट नुकतेच रुळत असताना, मेंदूच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

== पदके कोणाची? ==

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ही दोन्ही रौप्यपदके भारताच्या खात्यात मोजते. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाच्या नोंदींत मात्र ती ब्रिटनची आहेत. त्या काळी राष्ट्रीय संघ निवडून पाठवण्याची पद्धतच रुळलेली नव्हती, त्यामुळे आजचे निकष त्यांना लावणे अवघड आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव (हेलसिंकी, १९५२) यांचा उल्लेख करताना 'स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते' असे म्हटले जाते, त्यातील 'स्वतंत्र' हा शब्द प्रिचर्ड यांच्यामुळेच आवश्यक ठरतो. एकाच ऑलिंपिकमध्ये भारताच्या नावे दोन पदके मिळवण्याची त्यांची कामगिरी २०२४ साली, पुन्हा पॅरिसमध्येच, नेमबाज मनू भाकर यांनी गाठली.