केडगावच्या पंडिता रमाबाई



दुधनी किंवा अक्कलकोट रोडला गाडीत बसून आपण पुण्याला निघतो, तेव्हा दौंड गेल्यावर थोड्याच वेळात केडगाव स्टेशन लागते. तोवर आपले लक्ष सामान आवरण्याकडे गेलेले असते. त्या केडगावात मुक्ती मिशन आहे. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंविषयी आज लिहावेसे वाटते, त्याला कारण आहे. दहावीच्या निकालानंतर पालक आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. आयटीआय किंवा शिवणकामाचा वर्ग सुचवला की त्यांचे चेहरे उतरतात. हाताचे काम म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय, असा आपला समज आहे. रमाबाईंच्या माहेरीही कष्टाचे काम कमीपणाचे मानले जात होते, आणि त्या घराने त्याची फार मोठी किंमत दिली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आईने ती विद्या रमाला दिली. तीर्थक्षेत्रे फिरायची, पुराणे सांगायची आणि मिळेल त्यावर राहायचे, असा त्यांचा संसार होता. पुढे दुष्काळ आला आणि पैसा संपला. भीक मागायला मन धजेना आणि पोट भरण्याजोगे काम कोणालाच शिकवलेले नव्हते. १८७४ च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. हजारो श्लोक मुखोद्गत असलेले घर उपासमारीने मोडले. त्या उपासमारीचे कारण रमाबाईंनी पुढे स्वतःच स्पष्टपणे लिहून ठेवले आहे.

भावाबरोबर पायी फिरत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ वारला, विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. कडेवर मनोरमा होती. १८८२ साली त्या पुण्यात आल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या आपल्या कॅथलिक संप्रदायातल्या नव्हत्या, हे सांगायला हवे. त्या धर्मभगिनींशीही त्या वाद घालत. कोणी सांगितले एवढ्यावरून त्या काही मानत नसत. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात असा एखादा विद्यार्थी असला की प्राध्यापकांची काय अवस्था होते, ते आम्ही पाहिले आहे. तरी वर्गाला जाग त्याच्यामुळेच असते.

१८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या. तेथील लोकांनी बोस्टनला मंडळ स्थापून त्यांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे उचलण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असा शब्द दिलेला होता. परंतु काही मुली ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण प्रार्थना करताना दार उघडे ठेवतो, कोणाला हाक मारत नाही. दुखावलेल्यांचे दुःखही खोटे नव्हते. आम्हाला हा निवाडा सोपा वाटत नाही.

दहा वर्षांची मदत संपल्यावर काय, याचा विचार करून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा त्यांचा हिशेब होता. तेवढ्यात १८९६ चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीमध्ये सुमारे दीड हजार जण राहत होते.

इतक्या मुलींना केवळ वाचायला शिकवून भागणार नव्हते. म्हणून तेथे शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलघाणा, बेकरी आणि छापखाना अशी कामे निघाली. अंध मुलींना मनोरमाने ब्रेल शिकवली. आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यालाही १९१२ साली शाळा काढली, तिची जबाबदारी मनोरमाकडे होती. ही एकुलती एक लेक १९२१ साली आईच्या आधी गेली.

बिनशिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायचे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यात छापून १९२४ साली बाहेर आला. त्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतचे काम मुक्तीच्या मुली करीत. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या होत्या.