मिठाच्या खात्यातला फुलपाखरूवाला

गणपती संपले, पाऊस विरळ झाला की रविवारी सकाळी राजोडीच्या सुरूच्या बनात दोन प्रकारचे लोक दिसतात. एक समुद्रात भिजायला आलेले. दुसरे गळ्यात कॅमेरा, पाठीला पाण्याची बाटली अडकवून समुद्राकडे पाठ करून उभे असलेले. त्यांची नजर कुंपणावरच्या झुडपांवर असते. तासाभराने हे लोक उत्तरेला अर्नाळ्याला जातात, होडीत बसतात आणि काही मिनिटांत वैतरणेच्या मुखावरच्या अर्नाळा बेटावर उतरतात. किल्ला, कोळीवाडा, तटाच्या आतली शेती आणि गोड्या पाण्याचा अष्टकोनी तलाव. फुलपाखरांना याहून जास्त काही लागत नाही.

डॉक्टर म्हणून मला या सहलींचे कौतुक आहे. पन्नाशी ओलांडलेली माणसे तीन-चार तास ऊन-वारा खात चालतात, हे कुठल्याही गोळीपेक्षा चांगले. पण आणखी एक गोष्ट मला दिसते, ती त्या कॅमेऱ्यांत मावत नाही. फुलपाखरांचा हा हंगाम आणि आमच्या सरकारी रुग्णालयातल्या हिवतापाचा हंगाम एकच आहे. ओल, ऊब, साचलेले पाणी, कोवळा पाला, सगळे एकाच वेळी येते. ही दोन्ही पाने एकत्र वाचणारा एक माणूस सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच कोकणपट्टीत होऊन गेला. निसर्गप्रेमींना तो ई. एच. ए. या आद्याक्षरांनी ठाऊक आहे. आम्हा डॉक्टरांना तो ठाऊक असायला हवा, पण फारसा नसतो.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यात झाला. वडील स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. साहेबांची मुले तेव्हा शिक्षणासाठी विलायतेला पाठवत. एटकेन यांना मात्र वडिलांनीच इथे शिकवले. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. आणि एम. ए. या दोन्ही परीक्षांत ते पहिले आले. १८७० ते १८७६ अशी सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले. म्हणजे माणूस भाषेचा. विज्ञानाची पदवी नाही, वैद्यकाची तर नाहीच.

एप्रिल १८७६ मध्ये ते मुंबई सरकारच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात नोकरीला लागले. मीठ खाते हे आज विसरले गेलेले, पण त्या काळी जनतेच्या पोटाशी थेट भिडलेले खाते. मिठावर कर होता. तो चुकवून मीठ इकडे-तिकडे जाऊ नये म्हणून मिठागरांवर, खाड्यांच्या तोंडांवर, संस्थानांच्या आणि परकी मुलखांच्या सीमांवर पहारे असत. वसई-नायगावच्या लोकांना मिठागर म्हणजे काय ते सांगायला नको. खाजण, बांध, कोंडीतले पाणी, चिखल आणि डास. अशा ठिकाणी अधिकाऱ्याने नोकरी करायची म्हणजे बहुतेक काळ गावाबाहेर, माणसांपासून लांब. बरेच जण अशा ठिकाणी बाटलीच्या आहारी गेले. एटकेन किड्यांच्या आहारी गेले.

कच्छच्या रणाच्या कडेला खाराघोडा येथे सरकारी मिठाचे आगर होते. तिथल्या रुक्ष जागी त्यांनी आपल्या बंगल्यातल्या उंदीर, मुंग्या, पाली, कावळे, डास यांच्याकडे एखाद्या सीमेवरच्या टोळ्यांकडे पाहावे तसे पाहिले आणि त्यावर १८८३ मध्ये पुस्तक काढले. ते अतिशय विनोदी आहे. पुढच्या एका पुस्तकातले लेख आधी मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात आले होते. त्यात बंगल्यामागच्या नोकरचाकरांची चित्रे आहेत. ती आज वाचताना साहेबी तोरा खुपतो. मला खुपला. त्याच माणसाने गोगलगायीकडे पाहताना जितकी समजूत दाखवली, तितकी स्वयंपाक्याकडे पाहताना दाखवली नाही.

खाराघोड्यानंतर उरण. उरण तेव्हा बेट होते. मुंबईहून पाण्यानेच जावे लागे. मिठागरे आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या यामुळे सरकारी महसुलाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे. आज आपण अर्नाळ्याला एका दिवसाची सहल काढतो. एटकेन यांची अशा बेटावर बदलीच झाली होती.

याच सुमारास, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. एटकेन त्या आठांतले एक. या आठांत चार डॉक्टर होते याचा मला व्यवसायबंधू म्हणून जरा जास्तच अभिमान वाटतो. त्यांतले दोघे आपले मराठी. प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. तेव्हा औषधे झाडपाल्यातून येत, त्यामुळे डॉक्टरला झाडे ओळखता येणे हा छंद नव्हता, अभ्यासक्रम होता. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. सुरुवातीला एटकेन ते स्टर्नडेल यांच्याबरोबर संपादित करत. कीटकांचा विभाग तर बरीच वर्षे त्यांच्याच अंगावर होता.

त्यांचे खरे काम झाले कारवारला. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे जिल्ह्याचे अधिकारी जेम्स डेव्हिडसन, जंगल खात्यातले तरुण थॉमस बेल आणि मिठाचे साहेब एटकेन असे तिघे एकत्र आले. त्या काळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे जाळे घेऊन धावायचे, पकडायचे, टाचणीला लावायचे. या तिघांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. ते अळ्या शोधू लागले.

हे काम किती किचकट आहे ते राजोडीच्या कुठल्याही वाडीत उभे राहून कळेल. परसातल्या कढीपत्त्याची किंवा लिंबाची पाने उलटून पाहा. पक्ष्याच्या शिटेसारखे काही दिसले तर ती बहुधा लाइम किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखराची लहान अळी. रस्त्याकडेच्या रुईवर पट्ट्यापट्ट्यांची अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. कण्हेरीवर कॉमन क्रोची. रुईवरची अळी लिंबावर ठेवली तर ती उपाशी मरेल. प्रत्येकीचे झाड ठरलेले. अळी घरी आणायची, तेच झाड शोधून रोज ताजा पाला द्यायचा, घाण काढायची, कात टाकण्याच्या दिवसांची नोंद ठेवायची, कोष कुठे आणि कसा लटकतो ते पाहायचे आणि एक सकाळ वाट पाहायची. पुष्कळदा कोषातून फुलपाखरू निघतच नाही, परोपजीवी गांधीलमाशी निघते. कारण तिने आपली अंडी आधीच अळीच्या अंगात घातलेली असतात.

डेव्हिडसन आणि एटकेन यांनी मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोष यांवर १८९० मध्ये लेख लिहिला. बेल यांना बरोबर घेऊन १८९६-९७ मध्ये उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवर मोठी लेखमाला केली. कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर वाढते याची पश्चिम भारतातली पहिली भरवशाची माहिती या लेखांत आहे. आजही एखाद्या बागेत फुलपाखरांसाठी झाडे निवडताना आपण याच धाग्याचे टोक पकडतो. फुले काय, कुठलीही चालतात. अळीचे झाड नसेल तर फुलपाखरे पाहुणी म्हणून येतील, वस्तीला राहणार नाहीत.

आता वैद्यकाकडे येतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. वर्षभरात रॉस यांनी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापात हे चक्र पूर्ण उलगडले. इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनोफिलीस डासच पसरवतो हे दाखवले. रातोरात प्रश्न बदलला. आधी खराब हवेला दोष होता. आता विचारायचे होते, हा डास कोणता आणि त्याची अळी कोणत्या पाण्यात वाढते? डॉक्टरांना हिवताप कळत होता, डास कळत नव्हते. डासांची जातवार ओळख, अळ्या पाळणे, त्यांतून पूर्ण वाढलेला कीटक काढून नाव ठरवणे हे आमच्या शिक्षणात नव्हतेच.

एटकेन मात्र बारा-पंधरा वर्षे हेच करत आले होते. झाडाच्या जागी डबके, एवढाच फरक.

गोव्याच्या सीमेवर कस्टम्सच्या चौक्या होत्या. पोर्तुगीज हद्दीतले मीठ आणि इतर माल कर चुकवून येऊ नये म्हणून घाटवाटांवर, रानात, ओढ्यांच्या काठी शिपाई बसवलेले. गरीब घरची, कोकणातली माणसे. ही ठिकाणे हिवतापाने पोखरलेली होती. थंडी वाजून ताप येणे, उतरणे, पुन्हा येणे, प्लीहा वाढणे, रक्त कमी होणे आणि त्यातच पहारा. १९०२ मध्ये सरकारने एटकेन यांना खास या कामावर नेमले. चौक्यांवर हिवताप किती आहे ते तपासायचे आणि शिपायांना ॲनोफिलीस डासाच्या शेजारातून दूर ठेवण्याचा उपाय सुचवायचा. त्याच वर्षी रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाला पाच वर्षे होतात न होतात तोच एक मीठ-अधिकारी रानातल्या ओढ्यात चमच्या-डबीने अळ्या शोधतोय, हे चित्र मला त्या पारितोषिकाइतकेच मोलाचे वाटते.

अळीवरून डास ओळखायची पहिली पायरी सोपी आहे, कुणीही करून पाहावी. क्युलेक्सची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला तिरकी, डोके खाली करून लटकते. ॲनोफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी पडून असते. घाण गटारात बहुधा पहिली मिळेल. दुसरीला स्वच्छ पाणी आवडते, ओढ्याची संथ कड, विहीर, झरा. लोकांचा गोंधळ इथेच होतो. पाणी स्वच्छ आहे म्हणजे भीती नाही, असे माझ्याकडे येणारे सुशिक्षित रुग्णही सांगतात. गोवा सीमेवरच्या चौक्यांना पिण्यासाठी स्वच्छ ओढा जवळ हवा होता, आणि डासालाही तोच.

उपाय म्हणून चौकी ओढ्यापासून हलवणे आज बाळबोध वाटेल. पण तेव्हा डीडीटी नव्हते, क्विनाइन होते आणि ते शिपायापर्यंत पोचेलच असे नव्हते. डास किती लांब उडतो, पाणी कुठे, माणूस झोपतो कुठे, या तीन गोष्टींचा हिशेब मांडणे एवढेच हातात होते. आपल्या नालासोपारा-विरार पट्ट्यात हिशेब तोच आहे, जागा बदलल्या आहेत. शहरातला वाहक ॲनोफिलीस स्टीफेन्साय गच्चीवरची उघडी टाकी, विहिरी, बांधकामाच्या जागी साठवलेले पाणी यांत वाढतो. वसईतली जुनी बावखले लोक डासांच्या नावाने बुजवायला निघतात, तेव्हा मला राग येतो. मासे नांदत असलेल्या बावखलापेक्षा झाकण नसलेली टाकी जास्त धोक्याची, आणि ती आपल्याच डोक्यावर असते.

बेटावर सहलीला जाणाऱ्यांना यातून घेण्यासारखे थोडे आहे. ॲनोफिलीस संध्याकाळनंतर चावतो, त्यामुळे सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्याला त्याची भीती कमी. मुक्काम करणार असाल तर पूर्ण बाह्या, मच्छरदाणी हवीच. परत आल्यावर दहा-पंधरा दिवसांनी, क्वचित त्याहून उशिरा, थंडी वाजून ताप आला तर अंगदुखीची गोळी घेऊन बसू नका. रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. डॉक्टरांना कुठे फिरून आलात ते आवर्जून सांगा. व्हायवॅक्स निघाला तर प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा डोस बहुतेक जण चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून सोडतात. यकृतात दडलेले जंतू मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा बाहेर येतात. तेव्हा फुलपाखरांचे फोटो जुने झालेले असतात, आणि त्या सहलीचा कुणाला संबंधही लागत नाही. प्रायमाक्विन गरोदर स्त्रियांना देत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

सीमेवरच्या त्या कामात एटकेन यांना डासाची एक नवी जात सापडली. जेम्स या वैद्यकीय अधिकाऱ्याने तिला त्यांचेच नाव दिले, ॲनोफिलीस एटकेनाय. मे १९०३ मध्ये ते कराचीला कस्टम्स आणि मीठ खात्याचे प्रमुख म्हणून गेले. १९०५ मध्ये त्यांच्याकडे सिंधच्या गॅझेटियरचे काम आले. ते १९०६ च्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाले आणि तीनच वर्षांत, एप्रिल १९०९ मध्ये, एडिंबरा येथे वारले. वय सत्तावन्न. त्याच वर्षी बेल यांची मैदानी भारतातल्या फुलपाखरांवरची लेखमाला सोसायटीच्या नियतकालिकात सुरू झाली आणि १९२७ पर्यंत चालली. बेल कारवारलाच राहिले, तिथेच १९४८ मध्ये वारले.

एटकेन यांच्या नावाच्या डासाच्या अळ्या सह्याद्रीतल्या सावलीच्या, गार झऱ्यांत आजही सापडतात. हा डास माणसाला सहसा चावत नाही. हिवतापाचा वाहक म्हणून त्याची गणना होत नाही.