नित्य वाचनाचे फळ : कै. रमाबाई रानडे यांचे अल्पचरित्र

श्रावण महिना लागला की आपल्या तुळजापुरात घरोघरी व देवळांतून पोथी लावली जाते. एकजण वाचतो आणि दहाजण मांडी घालून ऐकतात. श्रावण सरला की ती पोथी पुन्हा रुमालात बांधून फडताळात ठेवली जाते, ती पुढल्या वर्षापर्यंत. आमच्या विद्यार्थिवर्गाच्या पुस्तकांचीही पुष्कळदा हीच गत होते. परीक्षा जवळ आली म्हणजे ती हाती येतात व परीक्षा संपताच त्यांवर धूळ साचू लागते. रोज थोडे, परंतु खंड न पाडता वाचीत गेल्यास मनुष्य कोठवर जाऊ शकतो, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी आम्ही कैलासवासी रमाबाई रानडे यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगत आहो.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८६२ च्या जानेवारी महिन्यात देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात मोडते. माहेरचे आडनाव कुर्लेकर व माहेरचे नाव यमुना. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. तथापि मुलींस लिहिणेवाचणे शिकविण्याची चाल त्या घरी नव्हती. मुलीने अक्षर ओळखले तर घरावर संकट येईल, अशी समजूत त्या काळी थोरामोठ्यांच्या घरांतूनही होती. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षी, म्हणजे इ. स. १८७३ मध्ये, त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांस एक अक्षरही वाचता येत नव्हते.

पती होते महादेव गोविंद रानडे. मुंबई विश्वविद्यालयाच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी ते एक. इ. स. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. व १८६६ मध्ये कायद्याची पदवी त्यांनी मिळविली होती व विवाहाच्या वेळी ते पुण्यास न्यायाधीश होते. त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थाने प्रथम पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहास्तव एका लहान मुलीशी लग्न केले, याचा दोष त्या वेळी लोकांनी त्यांस दिला व तो निराधार नव्हता. परंतु त्या मुलीस आपल्या बरोबरीस आणण्याचे काम त्यांनी लग्नानंतर लगेच हाती घेतले. पाटीवर मुळाक्षरे काढून शिकविण्यास स्वतः माधवरावांनीच आरंभ केला. पुढे काही काळ एक शिक्षिकाही घरी येत असे. तरी रात्रीचा पाठ माधवराव स्वतः घेत.

आता वाचकांनी त्या घराची कल्पना करावी. एकत्र कुटुंब, घरात सासूबाई, वन्स व इतर वडीलधाऱ्या बायका. सून वाचते ही गोष्ट त्यांस मुळीच रुचत नव्हती. दिवसा घरची सारी कामे रमाबाईंस करावी लागत. वर टोमणे व अबोला सोसावा लागे. पुढे इंग्रजी शिकण्यास आरंभ झाला तेव्हा तर हा राग फारच वाढला. कामाने शिणलेल्या त्या मुलीने एखाद्या रात्री पाटी दूर सारली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. घरात सर्वांस बरेच वाटले असते. परंतु वडिलांस उलट उत्तर द्यावयाचे नाही व पाठही चुकवावयाचा नाही, हा नेम रमाबाईंनी पाळला. मराठी वाचन चांगले येऊ लागल्यावर मिशनमध्ये काम करणाऱ्या मिस हर्फर्ड या बाईंकडून त्यांस इंग्रजीचे धडे मिळाले. याच बाई पुढे इ. स. १८८४ मध्ये पुण्यास निघालेल्या मुलींच्या हायस्कुलाच्या, म्हणजे हुजूरपागेच्या, पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. ती शाळा स्थापन करणाऱ्यांत माधवरावही होते.

माधवरावांच्या वाचनाविषयी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तरुणपणी त्यांनी इतके वाचले की त्यांची दृष्टी अधू झाली व तो त्रास त्यांस पुढेही भोगावा लागला. अतिरेक कोठेही बरा नव्हे, वाचनातही नव्हे. परंतु यातूनच एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. वर्तमानपत्रे, पत्रे व ग्रंथ दुसऱ्याने वाचावयाचे व त्यांनी ऐकावयाचे, असा त्यांचा परिपाठ पडला आणि हे काम हळूहळू रमाबाईंकडे आले. जिला अक्षर ओळखता येत नव्हते, तिच्या डोळ्यांनी महाराष्ट्रातील एक थोर विद्वान वाचू लागला! इ. स. १८८१ नंतर शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधीच्या कायद्याच्या कामासाठी माधवरावांस पुणे, सातारा, नगर व आपल्या शेजारचे सोलापूर या जिल्ह्यांतून फिरावे लागे. अशा फिरतीतही रमाबाईंनी आपले वाचन सुटू दिले नाही.

इ. स. १८८६ मध्ये सरकारी कामानिमित्त हे दांपत्य कलकत्त्यास गेले. तेथे माधवरावांनी बंगाली भाषा शिकण्याचे मनावर घेतले. हजामत चालू असता बंगाली पुस्तक हाती धरून ते हजामास शब्द विचारीत बसत. हे पाहून रमाबाईंस हसू आवरेना. परंतु ज्ञान ज्याच्याजवळ असेल त्याच्याजवळून घ्यावे, त्यात कमीपणा नाही, हे माधवरावांनी त्यांस समजावून दिले व स्वतः शिकलेली बंगाली त्यांस शिकविली. थोड्याच दिवसांत रमाबाईही बंगाली पुस्तके वाचू लागल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईस अशा रीतीने तीन भाषांतील ग्रंथ खुले झाले.

इ. स. १९०१ च्या जानेवारीत माधवराव निवर्तले. रमाबाई तेव्हा सुमारे एकोणचाळीस वर्षांच्या होत्या व विधवेने कोपऱ्यात बसून राहावे, अशी लोकरीत होती. या दुःखाच्या काळात त्यांचे वाचन त्यांच्या उपयोगी पडले. पतीची धर्मविषयक व्याख्याने त्यांनी प्रसिद्ध केली. इ. स. १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या महिला परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. इ. स. १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन सुरू झाले व त्याची धुरा त्यांनी वाहिली. तेथे विवाहित स्त्रिया, विधवा, वय वाढलेल्या बाया लिहिणेवाचणे, शिवणकाम व रोग्यांची शुश्रूषा शिकू लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांकडेही त्या जात. इ. स. १९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार वरचे आहे. इ. स. १९२४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. इ. स. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपालाचे तिकीट काढले.

या चरित्रापासून विद्यार्थ्यांनी कोणता बोध घ्यावा? रमाबाईंची बुद्धी चांगली होती यात संशय नाही. परंतु त्यांच्याहून तीक्ष्ण बुद्धीच्या किती मुली त्या काळी पाटीवाचून राहिल्या असतील! रमाबाई पुढे गेल्या त्या रात्रीचा पाठ न चुकविल्यामुळे. दुसरी गोष्ट ही की, त्यांचे वाचन त्यांच्यापुरते राहिले नाही. प्रथम पतीस, मग सेवासदनातील शेकडो बायांस त्याचा लाभ झाला.

पालकांसही आमची एक विनंती आहे. आपला हा भाग इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने आपल्या आजेपणज्यांस मायबोलीतून शिकण्याची सोय फार थोडी होती व स्त्रियांस तर नव्हतीच म्हटले तरी चालेल. आज ती अडचण उरली नाही. तरीही मुलगी पुस्तक घेऊन बसली की तिला हाक मारून कामास लावण्याची सवय पुष्कळ घरांतून गेलेली नाही. कामे तर सर्वांनीच करावयाची आहेत. परंतु दिवसातील अर्धा तास तिच्या पुस्तकाचा म्हणून राखून ठेवावा व त्या वेळी तिला उठवू नये. ज्या घरी आजीस वाचता येत नसेल, त्या घरी नातवंडाने रोज एखादे पान तिला वाचून दाखवावे. पोथी ऐकण्याची आवड आपल्याकडे आहेच. तिला श्रावणाची वाट पाहावयास लावू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.