हंसा वाडकर

हंसा वाडकर (जन्म : २४ जानेवारी १९२३, मुंबई; मृत्यू : २३ ऑगस्ट १९७१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री होत्या. त्यांचे मूळ नाव रतन भालचंद्र साळगावकर. ‘संत सखू’सारख्या संतपटातील सोशिक नायिका आणि ‘लोकशाहीर राम जोशी’सारख्या चित्रपटातील तमासगीर नर्तकी अशा परस्परविरुद्ध भूमिका त्यांनी सारख्याच सहजतेने साकारल्या. मराठी तमाशापटाच्या जडणघडणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा मानला जातो. ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचे आत्मकथन मराठी स्त्री-आत्मचरित्रांतील एक निर्भीड पुस्तक म्हणून ओळखले जाते.

बालपण आणि कुटुंब

साळगावकर कुटुंब मूळचे सावंतवाडी परिसरातील. घराण्याला कलावंतिणींची परंपरा होती. त्यामुळे गाणे घरात होते. पण त्या परंपरेला समाजात मान नव्हता. घरची आर्थिक स्थिती खालावत गेल्याने रतन यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले आणि कुटुंबाला हातभार लावण्याची जबाबदारी लहान वयातच त्यांच्यावर आली. नात्यातील इंदिरा वाडकर या गायिका व अभिनेत्री आधीच चित्रपटांत काम करीत होत्या. चित्रपटात जाणाऱ्या मुलीमुळे घराण्याच्या नावाला बोल लागू नये, म्हणून साळगावकर हे आडनाव बाजूला ठेवून वाडकर हे आडनाव घेण्यात आले. रतन साळगावकर यांची हंसा वाडकर झाली ती अशी. त्यांच्या मिळकतीवर घर चालणार होते. पण त्या मिळकतीशी घराचे नाव जोडले जाऊ नये, अशी ही व्यवस्था होती.

चित्रपटांतील प्रवेश

१९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या मराठी चित्रपटातून त्यांनी पदार्पण केले. त्यावेळी त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. बोलपट सुरू होऊन त्या वेळी जेमतेम पाच वर्षे झाली होती. पार्श्वगायनाची पद्धत पुरती रुळलेली नसल्याने गाता येणाऱ्या मुलींना चित्रपट कंपन्यांत मागणी होती. १९३७ च्या ‘मॉडर्न यूथ’नंतर त्या मालाडच्या बॉम्बे टॉकीज या नामांकित संस्थेत आल्या. तेथे फ्रान्झ ऑस्टेन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘नवजीवन’ (१९३९) या चित्रपटात त्यांनी काम केले. देविका राणी यांची प्रमुख भूमिका असलेल्या ‘दुर्गा’ (१९३९) या चित्रपटातही त्या होत्या.

संतपटांतील भूमिका

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत सखू’ (१९४१) हा चित्रपट त्यांच्या कारकिर्दीतील पहिला मोठा टप्पा ठरला. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि राजा नेने यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी सखूची भूमिका केली. सासरचा छळ सोसणारी, पंढरीच्या ओढीने घराचा उंबरठा ओलांडणारी ही कऱ्हाडची सून महाराष्ट्रातील घराघरांत परिचित होती. प्रभातच्याच ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटातही हंसा वाडकर यांनी काम केले. पुढे ‘संत जनाबाई’ (१९४९) मध्ये त्यांनी गंगाखेडहून पंढरपुरात आलेल्या आणि नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईंची भूमिका केली.

तमाशापट

राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) हा चित्रपट बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला होता. कीर्तन-पुराणाच्या परंपरेत वाढूनही तमाशाच्या फडाकडे ओढल्या गेलेल्या सोलापूरच्या राम जोशी या पेशवेकालीन शाहिराची ही कथा. ग. दि. माडगूळकर यांचे लेखन, वसंत देसाई यांचे संगीत, जयराम शिलेदार यांचा राम जोशी आणि हंसा वाडकर यांची बया यांमुळे चित्रपटाला मोठी लोकप्रियता लाभली. त्याची ‘मतवाला शायर राम जोशी’ ही हिंदी आवृत्तीही निघाली. या यशानंतर तमाशापट हा मराठी चित्रपटांचा स्वतंत्र प्रकार म्हणून स्थिरावला.

बयाच्या भूमिकेसाठी केवळ नृत्याची जाण पुरेशी नव्हती. लावणीत पायांतील चाळ ढोलकीशी बोलतात. पण अर्थ पोहोचतो तो डोळ्यांतून, मानेच्या झोकातून आणि शब्दावरच्या ठसक्यातून. फडावर दूरच्या प्रेक्षकासाठी करावी लागणारी ही अदाकारी कॅमेऱ्यासमोर आवरती घ्यावी लागते. हंसा वाडकर यांनी तो तोल सांभाळला, आणि नाचणाऱ्या स्त्रीला शृंगाराबरोबरच स्वाभिमान व दुःखही दिले. राजा परांजपे दिग्दर्शित ‘पुढचं पाऊल’ (१९५०) मध्ये त्यांच्यासमवेत पु. ल. देशपांडे होते. अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटात हंसा वाडकर यांच्याबरोबर जयश्री गडकर झळकल्या आणि पुढील काळात तमाशापटांच्या आघाडीच्या नायिका झाल्या. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात सुमारे अडीच वर्षे चालला.

व्यक्तिगत जीवन

किशोरवयातच त्यांचा विवाह कुटुंबाशी निकटचा संबंध असलेल्या, वयाने बऱ्याच मोठ्या गृहस्थांशी झाला. लग्नानंतर काम थांबवून संसार करावा, ही त्यांची इच्छा होती. परंतु घर त्यांच्याच मिळकतीवर अवलंबून असल्याने ती पूर्ण झाली नाही. पुढे संसारात बेबनाव वाढला आणि त्या मद्याच्या आहारी गेल्या. आयुष्याच्या एका टप्प्यावर चित्रसृष्टी सोडून त्यांनी मराठवाड्यातील एका खेड्यात, जमीनदाराच्या वाड्यात काही वर्षे काढली. घरपण तेथे मिळाले, पण बाहेर पडण्याची मोकळीक राहिली नाही. अखेर त्या मुंबईला आणि चित्रपटांकडे परतल्या. पडद्यावरील सखूचा उंबरठा एका चमत्काराने ओलांडला गेला होता. प्रत्यक्ष आयुष्यात हंसाबाईंना तो प्रत्येक वेळी किंमत मोजूनच ओलांडावा लागला.

आत्मकथन

उत्तरायुष्यात त्यांनी आपली जीवनकथा पत्रकार व लेखक अरुण साधू यांना सांगितली आणि साधू यांनी ती शब्दबद्ध केली. १९७० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्या गाजलेल्या चित्रपटाचेच नाव हंसाबाईंनी या कथनाला दिले. मात्र फडावर दुसऱ्याची कथा सांगणारी बाई येथे स्वतःची कथा सांगत होती. बालपणातील ओढग्रस्ती, मनाविरुद्धची गर्भपाते, व्यसन, विवाहबाह्य संबंध आणि स्वतःच्या चुका त्यांनी आडपडदा न ठेवता मांडल्या. दोष केवळ इतरांवर ढकलणे किंवा सहानुभूतीची याचना करणे त्यांनी टाळले. त्यामुळे नटीच्या आठवणींपलीकडे जाऊन, कमावत्या स्त्रीला स्वतःच्या कमाईवर व निर्णयांवर कितपत अधिकार होता, याचा दस्तऐवज म्हणूनही हे पुस्तक अभ्यासले जाते.

मृत्यू आणि प्रभाव

पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतरच्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी हंसा वाडकर यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केला. त्यातील प्रमुख भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसेच पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्काराने गौरविण्यात आले. पुढे या आत्मकथनाचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. घराण्याचे नाव झाकण्यासाठी घेतलेले वाडकर हे आडनावच आज मराठी चित्रपटाच्या इतिहासात या कुटुंबाची ओळख ठरले आहे.