न पिणारा जॉनी वॉकर

दारूच्या बाटलीवरचे नाव घेऊन हा माणूस पन्नास वर्षे जगला आणि त्या बाटलीला त्याने कधी तोंड लावले नाही. झोकांड्या खात पडद्यावर येणारा, जीभ अडखळत असतानाही शहाणपणाची गोष्ट सांगून जाणारा जॉनी वॉकर म्हणजे बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. जुन्या सिनेमांवर प्रेम करणाऱ्या तीन पिढ्यांनी त्यांना बेवडा म्हणूनच ओळखले. घरात आणि सेटवर त्यांना ओळखणाऱ्यांना मात्र ठाऊक होते, की हा माणूस दारूला शिवतही नाही.

काझींचा जन्म इंदूरचा. होळकरांच्या या शहरात गिरण्यांचे भोंगे वाजत आणि त्यांच्यावर हजारो घरे चालत. त्यांचे वडीलही गिरणीत कामाला होते. ते काम सुटले आणि भावंडांनी भरलेले हे कुटुंब मुंबईला आले. बद्रुद्दीनची शाळा सहावीतच थांबली. घर चालवण्याचा भार कोवळ्या खांद्यांवर आला. बर्फ, फळे, भाजी, स्टेशनरी, जे मिळेल ते घ्यायचे, मैलोन् मैल पायपीट करायची आणि विकून दोन पैसे घरी आणायचे. अखेर बेस्टमध्ये कंडक्टरची नोकरी मिळाली. खाकी गणवेश, खांद्याला चामडी पिशवी आणि महिन्याला ठरलेला पगार. त्या काळातल्या गरीब घराला एवढे पुरेसे होते.

पण पोराच्या डोक्यात सिनेमा होता. नूर मोहम्मद चार्ली हा त्या काळचा मोठा विनोदी नट त्यांचा आदर्श. बसमध्ये तिकिटे फाडताना काझी नकला करत, गमतीदार ढंगात थांब्यांची नावे पुकारत, कंटाळलेल्या प्रवाशांना हसवत. कुणाची तरी नजर पडेल ही आशा मनात होतीच. ती नजर पडली बलराज साहनी यांची. साहनी तेव्हा ‘बाजी’ या चित्रपटाच्या लेखनात होते आणि दिग्दर्शन करणार होते गुरुदत्त. साहनींनी या कंडक्टरला गुरुदत्त यांच्यासमोर उभे केले. काझींनी तिथे दारुड्याचे सोंग असे हुबेहूब वठवले, की ‘बाजी’त त्यांना काम मिळाले. चित्रपट १९५१ साली आला. नावही गुरुदत्त यांनीच दिले, एका प्रसिद्ध व्हिस्कीचे.

इथे थोडे थांबायला हवे. काझी या शब्दाचा अर्थ न्याय करणारा. वस्तीत निकाह लावणारा, तंटे सोडवणारा माणूस काझी. अशा आडनावाच्या मुलाला सिनेमात टिकायचे तर दारूचे नाव मिरवावे लागणार होते. नकार दिला असता तर पुन्हा बस आणि तिकिटांचा पेटारा. त्यांनी नाव घेतले, पण नावाबरोबर येणारी गोष्ट घेतली नाही. पडद्यावर कोण दिसायचे हे दिग्दर्शक ठरवेल, घरी कोण म्हणून परतायचे हे आपण ठरवायचे, असा हा सरळ हिशेब होता. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

मग मागे वळून पाहावे लागले नाही. ‘टॅक्सी ड्रायव्हर’, ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘सीआयडी’, ‘नया दौर’, ‘चौदहवीं का चांद’, ‘मेरे महबूब’. तो काळ उपनगरांतल्या स्टुडिओंचा होता. मालाडला बॉम्बे टॉकीज, गोरेगावला फिल्मिस्तान, चेंबूरला आर. के., अंधेरीला मोहन स्टुडिओ. आज ज्या भागांत टॉवर, मॉल आणि मेट्रोचे खांब दिसतात, तिथे तेव्हा प्लायवूडचे राजवाडे उभे राहत आणि नट मंडळी लोकलने किंवा गाडीने ‘शूटिंगला’ जात. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत बिमल रॉय यांच्या संस्थेचे बस्तान होते. त्यांच्या १९५८ सालच्या ‘मधुमती’त जॉनी वॉकर होते आणि त्या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे १९६८ सालच्या ‘शिकार’साठी विनोदी अभिनयाचा फिल्मफेअरही मिळाला.

त्यांचा बेवडा नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. तो पडण्यासाठी धडपडत नाही, पडू नये म्हणून धडपडतो. आपण शुद्धीवर आहोत हे सगळ्यांना पटवण्याची त्याची खटपट चालते आणि त्यातूनच हसू येते. हे बाटलीतून आलेले नव्हते. बसच्या दारात उभे राहून वर्षानुवर्षे माणसे न्याहाळल्यामुळे ते आले होते.

१९५७ सालच्या ‘प्यासा’त तर त्यांच्या हातात बाटली होती ती तेलाची. अब्दुल सत्तार हा रस्त्यावर फिरून डोक्याला मालिश करणारा माणूस. त्याच्यावर चित्रित झालेले मालिशचे गाणे साहिर यांनी लिहिले, सचिन देव बर्मन यांनी चाल दिली आणि मोहम्मद रफी यांनी गायले. आजही ते लागले की लहान मुले डोक्यावर तबला वाजवतात. पण त्या उदास चित्रपटात सत्तार केवळ हसवायला नाही. नायकाचे भाऊ आणि मित्र पाठ फिरवतात, तेव्हा वेड्यांच्या इस्पितळातून त्याला बाहेर काढायला हाच मालिशवाला धावतो. हातावर पोट असलेला माणूस माणुसकीत सगळ्यांपेक्षा मोठा ठरतो.

जॉनी वॉकर यांच्यासाठी गाताना रफी आपला आवाज असा काही वळवत, की ऐकणाऱ्याला पडद्यावरची बारीक मिशी आणि मिचकावलेला डोळा दिसावा. ‘सीआयडी’तले मुंबईवरचे गाणे याच जोडीचे. या शहराची मजा आणि या शहराचा निर्दयपणा एका दमात सांगणारे ते गाणे मुंबईकरांनी आपलेसे केले. रफी यांचे निधन ३१ जुलै १९८० रोजी झाले, तो महिना रमजानचा होता.

‘आर पार’च्या सेटवर काझींना जोडीदार भेटली. नूर ही त्या चित्रपटातली अभिनेत्री शकीला हिची बहीण. मुलीकडच्यांचा विरोध होता, तरी लग्न झाले आणि ते जन्मभर टिकले. स्वतःची शाळा सहावीत सुटलेल्या या बापाने मुलांना मात्र शिकायला अमेरिकेत पाठवले. रविवारी काम करायचे नाही, तो दिवस घरच्यांचा, हा नियम त्यांनी अशा धंद्यात पाळला जिथे निर्माता म्हणेल ती वेळ आणि तो म्हणेल तो दिवस असे.

ज्या गुरुदत्त यांनी त्यांना दारूचे नाव दिले, ते १० ऑक्टोबर १९६४ रोजी गेले. वय अवघे ३९. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र झाल्याने तो घात झाला. मीनाकुमारी १९७२ साली गेल्या, यकृताच्या आजाराने, त्यामागेही दारूच होती. ज्या झगमगाटात जॉनी वॉकर रोज वावरत होते, त्यातली ही किंमत त्यांनी जवळून पाहिली. बाटली पुढ्यात होती, निमित्ते होती, दुःखेही होती. खरोखर न पिण्यासाठी रोज थोडी ताकद लागत असणार. लोक त्यांना खोटा बेवडा म्हणून हसले, पण या खोट्या बेवड्याच्या घरी मुले बापाची वाट पाहत असत आणि बाप वेळेवर, सरळ पावलांनी येत असे.

सत्तरच्या दशकात विनोदाचा बाज बदलला. द्व्यर्थी संवाद आणि अंगविक्षेप वाढले, नायकच विनोद करू लागला आणि विनोदी नटाची जागा आक्रसली. आपल्या विनोदावर सेन्सॉरची कात्री कधी चालली नाही, याचा अभिमान असलेल्या जॉनी वॉकर यांनी हळूहळू कामे कमी केली. तरी १९७१ सालच्या ‘आनंद’मध्ये हृषिकेश मुखर्जी यांनी त्यांना ईसाभाई सुरतवाला केले. अनोळखी माणसाने भलत्याच नावाने हाक मारली, तर त्याला न दुखावता तोही खेळ खेळणारा हा नाटकवाला. आनंद मरणार आहे हे कळल्यावर त्याला हुंदका आवरत नाही. आयुष्यभर हसवणाऱ्याने त्या एका प्रसंगात अख्खे थिएटर रडवले.

बऱ्याच वर्षांच्या विश्रांतीनंतर १९९७ साली कमल हासन यांनी ‘चाची ४२०’साठी त्यांना परत आणले. भूमिका रंगभूषाकार जोसेफची. आणि हा जोसेफही पिणाराच! म्हातारपणीही सोंग तितकेच पक्के निघाले.

२९ जुलै २००३ रोजी जॉनी वॉकर यांचे मुंबईत निधन झाले. बॉम्बे टॉकीज, मोहन स्टुडिओ, आर. के. ही नावे आता आठवणीतच उरली. जुने सिनेमे मात्र रात्री उशिरा कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर लागतात आणि तो डुलत डुलत येतो. रमजानचा एक महिना समोरचे पाणीही न पिता काढणाऱ्यांना, आणि एरवीही स्वतःला आवरणे काय असते हे ठाऊक असलेल्या सर्वांना, त्या डुलण्यामागचा ताठ कणा ओळखता येईल. बेस्टच्या बसमध्ये तोल सांभाळून उभे राहायला शिकलेल्या त्या कंडक्टरचा तोल कधीच गेला नाही.